अंगठा, तीस टक्के

मंदार खटावकरच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा गुरुवार उजाडला तेव्हा त्याला दोन अंगठे होते. दुपारी साडेतीनला एकच उरला.

दोष द्यायचाच तर हेमलता मॅडमना द्यायला हवा. मंदार चेन्नईजवळ ओरगडमला ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. कामावर कुणाला इजा झाली की त्याच्या भरपाईचे कागद मार्गी लावायचे, हे त्याचं काम. दोन हजार आठ साली कंपनीच्या डोक्यात आलं की हे काम करणाऱ्याकडे प्रमाणपत्र असलं पाहिजे, म्हणून त्याला गिंडीला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मॅडम सकाळी कायदा शिकवत. कोणता अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा तक्ता त्या पाढ्यासारखा म्हणून घेत. दुपारी मात्र त्या एका डब्यातून चिठ्ठी काढत. ज्याचं नाव निघेल तो त्या दिवसाचा जखमी.

जखमी म्हणजे अगदी साग्रसंगीत. मॅडम स्वतः पट्टी बांधत आणि तिच्या कडेवर हिरव्या शाईनं सही करत, म्हणजे कुणी मधेच सोडली तर कळावं. नियम तीन. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत सोडायची नाही. ती खोटी आहे हे कुणालाही, अगदी जन्मदात्या आईलाही सांगायचं नाही. आणि जी जी मदत घ्यावी लागेल ती तिथल्या तिथं एका कागदावर नोंदवायची: काय मदत, कुणी केली, त्याचं आपलं नातं काय. यातला एकही मोडला तर प्रमाणपत्राला रामराम.

"तीस टक्के म्हणताना तुमची जीभ जरा अडखळली पाहिजे," असं मॅडम म्हणत. सोमवारी कृष्णस्वामींचा डोळा गेला, ते संध्याकाळी शेजाऱ्याच्या घरात शिरून निवांत टीव्ही बघत बसले. मंगळवारी दिनानाथचा पाय गेला. त्याला बसमध्ये इतक्या लोकांनी जागा दिली की बुधवारी तो पाय परत घ्यायला तयारच होईना. वर्ग हसून हसून बेजार झाला होता, आणि सगळ्यात मोठ्यानं मंदारच हसत होता. गुरुवारी चिठ्ठी त्याची निघाली आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"मॅडम, आज नको. उद्या दोन्ही हात बांधा," तो काकुळतीला आला.

"मशीन मुहूर्त बघून हात ओढत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा उजवा अंगठा तळहातावर दुमडून मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर चढवलं. चार बोटं तेवढी बाहेर राहिली. कुणी विचारलंच तर 'मशीनमध्ये गेला' एवढं सांगायची मुभा होती.

आता गुरुवारचं एवढं काय होतं, ते सांगायला हवं. त्या संध्याकाळी सहा वाजता मंदार शरण्याच्या घरी तिचा हात मागायला जाणार होता.

शरण्या बँकेत होती. चार वर्षांपूर्वी खातं उघडायला गेलेला मंदार फोनवर आईशी बोलत होता, तेव्हा काचेपलीकडून आवाज आला, "तुम्हीं मराठी काय?" तंजावरहून दोन पिढ्यांपूर्वी चेन्नईत आलेल्या घरातलं तिचं ते मराठी ऐकून त्याला वाटलं, एखादी जुनी बखरच जागी होऊन बोलतेय. त्यानंतर त्या खात्यात त्याची जी काही बारीकसारीक कामं निघू लागली, ती बघून मॅनेजरनंही एकदा भुवई उचलली होती.

अडचण एकच, तिचे वडील. चंद्रमौळी राव एकतीस वर्षं कामगारांच्या भरपाईच्या सरकारी कचेरीत होते. हात गेलेले, हात न गेलेले आणि हात गेल्यासारखं करणारे, अशी सगळी माणसं त्यांच्या टेबलापुढून गेली होती. "आप्पा सगळें माफ करतात, खोटें नाहीं," शरण्यानं बजावलं होतं. तिला बघायला आलेल्या एकानं कॉलेजात राहिलेला विषय लपवला, तर त्याला अर्ध्या कॉफीवरून उठवलं होतं. सहाची वेळ आप्पांनी पंचांग बघून ठरवली होती. ती पुढं ढकलणं म्हणजे काहीतरी लपवणंच.

म्हणजे खरं सांगितलं तर प्रमाणपत्र गेलं, नोकरीतलं बस्तान गेलं. खोटं सांगितलं तर शरण्या गेली. मंदारनं हा हिशेब गिंडीपासून तिरुवल्लिकेणीपर्यंत बसमध्ये उभ्यानं सतरा वेळा मांडला आणि दर वेळी उत्तर तेच आलं.

तिरुवल्लिकेणीतल्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, तो एका खोलीत राहायचा. तिथं पोचेपर्यंत त्याला शोध लागला होता की माणूस म्हणजे मुख्यतः अंगठा. कुलूप उघडेना. शर्टाची बटणं लागेनात. पँटचं बटण तर ठार हट्टी. शेवटी शेजारच्या खोलीतल्या महेशला हाक मारावी लागली. त्यानं डोळे मिटून, मान फिरवून ते काम केलं आणि कागदावर सहीही केली. त्याच्या गडबडीत शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेलं, पण ते तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सहाला पाच कमी असताना पश्चिम मांबळमला आप्पांच्या घराचं दार शरण्यानंच उघडलं. तिनं आधी वाकडा शर्ट पाहिला, मग प्लास्टर पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हातास काय झालें?"

वाटभर जगाला सांगितलेलं 'मशीनमध्ये गेला' तिच्या डोळ्यांसमोर मंदारला सांगवेना. तो नुसताच हसला, आणि ते हसणं फारच केविलवाणं झालं असावं, कारण ती बाजूला झाली.

आप्पा वेताच्या खुर्चीत बसले होते. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर गंध, खिशाला पेन. त्यांनी मंदारकडे पाहिलंच नाही. त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला तो माणूस खुर्चीत हळूच ताठ झाला.

"यावें, बसावें. उजवा अंगठा," ते म्हणाले. "तीस टक्के."

"हो, काका."

"कधीं?"

मंदारनं प्लास्टर मांडीवर घेऊन त्यावर डावा हात झाकला.

"कोणतें मशीन? कोण होतें जवळ? दवाखान्यांत कोणीं नेलें?"

मंदारला घाम फुटला. वर पंखा फिरत होता, त्याचा काही उपयोग होईना. एकतीस वर्षांत या प्रश्नांना कुणीतरी काहीतरी उत्तर दिलंच असणार. मुकाट बसणारा हा पहिलाच असावा, कारण आप्पांच्या कपाळावरचं गंध आठीत सापडून वाकडं झालं.

"एवढेंच सांगा," आप्पा म्हणाले. "अंगठा मशीनमध्यें गेला, होय कीं नाहीं?"

स्वयंपाकघराच्या दारात शरण्याची आई अंबुजाबाई कॉफीचा ट्रे घेऊन थबकल्या होत्या. शरण्या भिंतीला टेकून उभी होती. मंदारनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला फार प्रेम दाटून आलं, इतकं की भीतीला जागाच उरली नाही.

"काका, उद्या सकाळी नऊपर्यंत मला काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "खरं सांगायची परवानगी नाही. आणि खोटं मला तुमच्यासमोर सांगायचं नाही. तुम्ही मला उठवलंत तरी चालेल."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची आरोळी तेवढी येऊन गेली.

"काफी तरी घ्या," शेवटी अंबुजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाफाळती पितळी वाटी आणि तीत ठेवलेला पेला त्याच्यापुढं धरला.

डावा हात पुढं करणं त्या घरात शोभलं नसतं. मंदारनं उजव्या हाताच्या चार बोटांनी पेला उचलायचा प्रयत्न केला. पेला उठला, वीतभर वर आला, तिथं त्यानं क्षणभर विचार केला, आणि अर्धी कॉफी आप्पांच्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीवर गेली.

आप्पा त्या डागाकडे बघत राहिले. मंदारला वाटलं, झालं, आता आपण जिन्यावरून थेट घरी साताऱ्यालाच जाणार. तेवढ्यात शरण्या पुढं आली. तिनं उरलेल्या कॉफीचा पेला उचलला आणि म्हणाली, "तोंड उघडा."

त्या घरात पेल्याला ओठ लावत नसत, वरून धार सोडत. मंदारला चेन्नईतल्या चार वर्षांत ही कला जमली नव्हती. त्यानं मान मागं टाकून आ केला, शरण्यानं धार सोडली. थोडी कॉफी तोंडात गेली, थोडी नाकात, बाकीची हनुवटीवरून वाकड्या शर्टात. अंबुजाबाई उगाचच खोकल्या. शरण्यानं पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाली.

आणि इथं मंदारनं जे केलं, ते प्रशिक्षणात बसलेला माणूसच करू जाणे. लग्नाचं बोलणं मोडायच्या बेतात आहे, सासरे कॉफीनं भिजलेत, नाक झोंबतंय, आणि या गृहस्थानं खिशातून कागद काढला.

"काका, एक नोंद करायची होती. नियम आहे, मदत घेतली की लगेच लिहायची. डाव्या हातानं इथवर कसंबसं खरडलंय. तुम्ही लिहाल का?"

आप्पांनी चष्मा चढवला. असा फॉर्म त्यांच्या कचेरीत कधी आला नव्हता. ते पहिल्या नोंदीपासून मोठ्यानं वाचू लागले, कारण कागद मनात वाचायची सवय त्यांना नव्हती.

"एक. पेनाचें टोपण काढलें. दिनानाथ. नातें, वर्गबंधु. चार. बसमध्यें खिशांतून सुटे पैसे काढले. कंडक्टर. नातें, कांहीं नाहीं, पण फार चिडला. नऊ. डोक्यास तेल लावून भांग पाडला. मॅन्शनचा वॉचमन. नातें, तो मला मुलगा म्हणतो." इथं अंबुजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पंधरा. पँटचें बटण लावलें. महेश. नातें, आजपासून जिवलग."

शरण्या भिंतीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे गदगदत होते. आप्पा थांबले. कागदाच्या तळाशी छापलेली ओळ मात्र त्यांनी मनातल्या मनात वाचली, मग मंदारचा हात उचलून प्लास्टरची कड उजेडात धरली. हिरव्या शाईवर त्यांचं बोट फिरलं.

"डॉक्टर प्लास्टरवर सही करीत नाहीं," ते म्हणाले. "आणि अंगठा गेलेला माणूस बटणाची नोंद करीत नाहीं. तुम्हीं कांहीं सांगूं नका. उद्यां नऊपर्यंत मीं तुम्हांस कांहीं विचारीत नाहीं."

मंदारनं काहीच सांगितलं नाही, पण त्याचे डोळे भरून आले. कॉफी नाकात गेल्यामुळं, असं तो नंतर सांगत असे.

आप्पांनी खिशाचं पेन काढलं. सतरावी नोंद. त्यांनी कारकुनी वळणाच्या इंग्रजीत लिहिलं: कॉफी पाजली. शरण्या चंद्रमौळी. मग पेन तिसऱ्या रकान्यावर येऊन थांबलं.

"नातें?"

मंदारला बोलायचं होतं, पण तो रकाना त्याचा एकट्याचा नव्हता.

"अजून काही नाही, काका," तो हळूच म्हणाला. "खरं तेच लिहायला हवं."

"शरण्या?"

"खरें तेंच लिहा, आप्पा," ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "पण कांहीं नाहीं असें लिहूं नका."

आप्पा अंबुजाबाईंकडे वळले. अंबुजाबाईंनी वेष्टीवरच्या डागाकडे पाहिलं, मग मंदारच्या वाकड्या शर्टाकडे, आणि मान डोलावली. आप्पांनी लिहिलं, शेजारी सही केली, शाईवर फुंकर घातली आणि कागद मंदारच्या पुढ्यात धरला.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं: वुड-बी.

"खोटी नोंद असेल तर प्रमाणपत्र मिळणार नाहीं, असें खालीं छापलेंय," चंद्रमौळी राव म्हणाले. "मीं सही केलीय. आतां ती खरी करणें तुम्हांकडे लागलें."