उघड्या फिल्टरचा आवाज

"आवाज गेला न्हाई पायजे, आप्पा. बाकी काय बी करा," विजयसिंह म्हणाला.

मन्मथआप्पांनी जिप्सीचं बॉनेट उघडलं. गाडी निळा धूर सोडत होती, ऑइल पीत होती, आणि मालकाला काळजी कशाची, तर आवाजाची! ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन हूंऽऽ करून हवा ओढायचं आणि पाटोद्याच्या बाजारातली माणसं वळून बघायची. विजयसिंहानं गाडी घेतली होती तीच मुळी त्यासाठी.

हा आवाज उघड्या एअर फिल्टरचा. तो फिल्टर आप्पांच्या मुलानं, श्रीशैलनं, पुण्याहून आणून बसवला होता. कंपनीच्या बंद फिल्टरचा काळा डबा त्यानं गॅरेजच्या माळ्यावर भिरकावला, तेव्हा बापलेकांची चांगलीच जुंपली होती. पुढं श्रीशैल काविळीनं गेला आणि आप्पांनी त्याची गाडी विजयसिंहाला विकून टाकली.

आप्पांनी फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं. बोटाला बारीक माती लागली.

"हे बगा. माती खातंय इंजिन."

"पुण्यात तर समदे हेच लावतेत की."

"पुण्यात डांबर हाय, आपल्याकडं फुफाटा. ह्यानं चढाला जरा जोर मिळतो, खरंय. पर पिस्टनच्या रिंगा अजून झिजल्या तर जोर कुटून आणता? डबा लावला तर गाडी टिकंल. आवाज मातर जाईल."

विजयसिंह घुटमळला. "तुमच्याच पोरानं बसवलेला हाय. तुमीच ठरवा," म्हणून तो चहाला गेला.

आप्पांना ते ठरवणं लई जड गेलं. त्यांचं घर चढावर होतं. रोज संध्याकाळी विजयसिंहाची गाडी तो चढ चढायची आणि आवाज कानावर पडला की त्यांची बायको गंगासागर चुलीवर तवा टाकायची. "श्रीश्या आला," म्हणायची. ताट वाढायची. लिंगायत रिवाजाप्रमाणे हातात इष्टलिंग देऊन पोराचा देह शेतातल्या मातीत बसवला, त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नव्हती. रडलीही नव्हती. आप्पांनी तिला कधी टोकलं नाही. कारण तो आवाज आला की त्यांचाही हात थांबायचा, आणि घटकाभर पोरगा खरंच घरी येत असायचा. ते सुख त्यांना सोडवत नव्हतं. पण बोटावरची माती दिसत होती.

त्यांनी माळ्यावरून डबा काढला, पुसला, नवा कागदी फिल्टर घालून घट्ट बसवला.

"शिलाई मशीन करून टाकली की, आप्पा!" विजयसिंह कुरकुरत निघून गेला.

संध्याकाळी आप्पा उंबऱ्यात बसून राहिले. जिप्सी चढ चढून गेली. खडीवर चाकं वाजली तेवढीच. आत तवा वाजला नाही.

अंधार पडल्यावर गंगासागर बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली.

"अवं, त्याला मातीत बसवलं तवा सदरा कोणता घातलता?"

"निळा."

"त्याचं वरचं बटन तुटायला आलतं. माज्याकडून लावायचं ऱ्हायलं."

"मी लावलं व्हतं. टाका घालून," आप्पा म्हणाले. बटणाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

गंगासागरनं मान हलवली, आणि मग ती पहिल्यांदा रडली.