सोमवारची चंदेरी गाडी

मित्रांनो, मी घाटनांदूरची एक जुनी चंदेरी गाडी. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव लई भित्रा. खड्डा दिसला की मी आधीच ब्रेक मागते, आणि कुणी टक लावून पाहिलं की वाटतं, झालं, आता विकतात मला.

पहिली काही वर्षं मी लातूरच्या एका डॉक्टरांकडे होते. तिथे डोक्यावर छप्पर होतं आणि लाडही होते. मग बाजारात नव्या नव्या मोटारी आल्या, डॉक्टरांचं मन माझ्यावरून उडालं आणि रेवणसिद्धअप्पांनी मला घाटनांदूरला आणलं. अप्पांचं किराणा दुकान. तेव्हा मी काय लखलखत होते म्हणून सांगू! गावातली लेकरं माझ्या दारात वाकून आपली तोंडं बघायची.

अप्पांना गाडी चालवायची हौस नव्हती. शिकल्या त्या त्यांच्या मंडळी, शिवकांताबाई. गावानं तोंडात बोटं घातली. बाई मात्र दर सोमवारी लिंगपूजा आटोपून मला घेऊन युसूफ वडगावला माहेरी जायच्या. त्यांची आई भामाबाई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. भाऊ दिवसभर रानात, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी अंगणात उभी राहून ऐकत असे. बाई आईला अंघोळ घालायच्या, वेणी घालायच्या, दुधात भाकरी कुस्करून भरवायच्या. त्या वाटेला धड एसटीही नव्हती.

निघण्याआधी बाई ओल्या विभूतीची तीन बोटं माझ्या बॉनेटवर ओढायच्या. श्रद्धेनं करायच्या, मी काय बोलणार? पण ती विभूती आठवडाभर उन्हात तशीच वाळत राही. दुकानापुढे सावलीचा पत्ता नव्हता. वर मला धुवायचे ते कपड्यांच्या पावडरीनं. हळूहळू माझं अंग भुरकट झालं आणि बॉनेटवर तीन पांढुरक्या रेषा उठल्या. लोक विचारू लागले, अप्पा, गाडी राखेत लोळवली का? त्यात शेजारच्या कापड दुकानवाल्या विठ्ठलरावांनी नवीकोरी लाल मोटार आणली. अप्पांना माझ्याजवळ उभं राहायचीसुद्धा लाज वाटू लागली. त्यांनी ठरवलं, मला विकायचं आणि मालासाठी ड्रायव्हरसकट जीप लावायची. गेवराईचे एक गिऱ्हाईक, तात्याबा, मला बघायला येणार होते.

हे ऐकलं तेव्हा बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. जीपच्या ड्रायव्हरला सवड होईल तेव्हा पोत्यांमध्ये बसून माहेरी जायचं, हे त्यांना दिसत होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, गाडीची चमक परत आणली तर ठेवाल का? अप्पा म्हणाले, बघू, पण नवा रंग मारायचा खर्च करणार नाही. आता "बघू" म्हणजे काय, मित्रांनो? त्या एका शब्दानं माझी झोप उडाली.

पहिला उपाय रॉकेलचा. विठ्ठलरावांनीच सुचवला. रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्यावर मी अशी चकाकले की बाई हरखून गेल्या. पण वडगावच्या रस्त्याची सगळी धूळ अंगाला चिकटली आणि मी परतले ती पिठात घोळलेल्या मिरचीसारखी. अप्पा हसले. बाई हसल्या नाहीत.

मग पुसता पुसता त्यांनी माझं दार उघडलं. दाराच्या आतल्या कडेला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे माझा रंग अजून तसाच होता. म्हणजे रंग जिवंत होता, वरचा पापुद्राच मेला होता. बाईंनी अंबाजोगाईहून पॉलिशची छोटी डबी आणली, जुनं सुती लुगडं फाडलं आणि मला लिंबाखाली नेलं. साध्या पाण्यानं धुतलं, वाळू दिलं आणि हलक्या हातानं घासायला घेतलं. माझा जीव मुठीत! रंगाचा थर तो केवढासा, जास्त घासलं तर पत्रा उघडा पडायचा. बाई बांगड्या काढून, एकेक वीत जागा धरून घासत होत्या. टप उजळला, दारं उजळली. बॉनेटवरच्या रेषा मात्र हटेनात. बाईंनी त्यांवर आपली तीन बोटं ठेवली. बरोबर बसली.

"अगं बाई, हे तर मीच केलंय," त्या पुटपुटल्या आणि त्या रेषा तशाच ठेवून त्यांनी हात आवरला.

तात्याबा आले. माझ्याभोवती फिरले, टपावरून हात फिरवला आणि आजच घेऊन जातो म्हणाले. बघा नशीब! ज्या चमकेनं मला वाचवायचं, तीच माझ्या जिवावर उठली. अप्पांनाही पैशांचा मोह पडला. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

बाई चहा घेऊन आल्या होत्या. परक्या माणसासमोर त्या नवऱ्याला कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"चमकली म्हणून ठेवा, असं मी म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी आई आठवडाभर सोमवारची वाट बघती. मी गेल्याबिगर तिच्या अंगाला पाणी लागत न्हाई. म्हणून ठेवा."

अप्पांनी किल्ली पुन्हा खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "हे आधी कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी कधी इचारलं न्हाई."

तात्याबांना अप्पांनी चहा पाजला, हात जोडले आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. पुढच्या सोमवारी अप्पा दुकान बंद ठेवून बाईंच्या शेजारी येऊन बसले. वडगावला त्यांनी चुलीवरचं तापलेलं पाणी स्वतः उतरवून दिलं आणि बराच वेळ माझ्याजवळ येऊन नुसते उभे राहिले.

म्हणून सांगते, मित्रांनो. गाडीला कपड्यांची पावडर लावू नका, रॉकेल तर मुळीच नको, आणि जमेल तेवढं सावलीत ठेवा. पण कुठलीही वस्तू घराबाहेर काढण्याआधी, ती घरात कुणाच्या कामाला येते, एवढं विचारा. विचारायला काही लागत नाही हो. आमच्या अप्पांना मात्र ते कळेपर्यंत माझा जीव जायची वेळ आली होती.