वेस्तामातेच्या सणावर थांबलेली खुंटी

मी एक जुनी हाडाची खुंटी आहे, मित्रांनो. बोटाएवढी, पण तोरा भारी! कारण प्राचीन रोमजवळच्या ओस्तिया बंदरातल्या एका पावभट्टीत रोजचा दिवस माझ्यामुळे कळायचा. भिंतीवर भाजक्या मातीची पाटी होती आणि तिच्यात महिन्याच्या दिवसांची भोकं. मालकीण अरेस्कुसा रोज सकाळी मला एका भोकातून काढून पुढच्या भोकात खोचायची. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. बाजार कधी, कुठल्या देवाचा सण कधी, सगळं माझ्याकडे बघून ठरायचं. "खुंटी म्हणेल तो दिवस," असं मालक नुमेरियस छातीठोकपणे सांगायचा.

माझं सगळ्यात लाडकं भोक वेस्तामातेच्या सणाचं. ती चुलीची देवी. तिच्या सणाला पिठाची जाती बंद आणि ती जाती ओढणाऱ्या गाढवांच्या गळ्यात फुलांच्या नि पावांच्या माळा. तुमच्याकडे बैलांचा पोळा असतो ना, तसा हा गाढवांचा! आमची गाढवीण पुल्ला शेजारच्या गाढवाच्या माळेतला पावसुद्धा हळूच पळवायची. फार लबाड, पण फार गुणाची.

एका वर्षी मात्र पुल्ला थकली. जातं ओढता ओढता गुडघे टेकायची. मालकाने सांगून टाकलं, "सण झाला की दुसऱ्या दिवशी कातडीवाल्याला देतो."

"अहो, जन्मभर राबली ती आपल्यासाठी!"

"अगं, मग काय मांडीवर घेऊन बसू?"

सण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरेस्कुसा माझ्यापाशी आली, मला हात लावला आणि तशीच निघून गेली. मी अजून कालच्या सणाच्याच भोकात! अगं बाई, माझा तर जीवच घाबरा झाला. इतक्या वर्षांत मी कधी खोटा दिवस दाखवला नव्हता.

थोड्या वेळाने कातडीवाला दोरी घेऊन हजर. मालकाने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती खाली मान घालून कणीक मळत होती. पलीकडे पुल्ला झोपली होती, गळ्यात कालची सुकलेली माळ.

"आज जमायचं नाही," मालक म्हणाला. "आज सण आहे. सणाला जनावर दारातून हलत नाही."

"अहो, सण काल झाला! अख्ख्या बंदरात जाती फिरतायत. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"खुंटी म्हणेल तो दिवस."

"बरं, मग उद्या येतो."

"ये की! उद्याही सणच असेल."

कातडीवाला शिव्या घालत निघून गेला. अरेस्कुसाने पिठाच्याच हातांनी डोळे पुसले.

"आता रडतेस काय?" मालक खेकसला. "खुंटी सरकव, गिऱ्हाइकं खोळंबलीत. आणि त्या म्हातारीला कोंडा घाल."

मित्रांनो, आता मी झिजले आहे. भोकात नीट बसत नाही, म्हणून नवी खुंटी आली आणि मी फडताळात पडून आहे. वाईट वाटतं, कशाला खोटं बोलू? पण तुमच्याकडे एक मागणं आहे. घरी सण आला की वर्षभर तुमच्यासाठी राबणाऱ्यांकडे एकदा बघा, माणूस असो की जनावर. ते अजून कामालाच जुंपलेले असतील, तर दिनदर्शिका काहीही म्हणो, तुमच्या घरी सण आलेला नाही.