आठ दिवसांची बॅग

ठमी दादाच्या घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर जाड जॅकेटं, जेवणाच्या टेबलावर हेल्मेटं, जमिनीवर हातमोज्यांचे ढीग, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, माणसापेक्षा उंच अशी काळी पिशवी. तिच्यात बर्फावर घसरायच्या स्की. वहिनी हातात यादी घेऊन या सगळ्याच्या मधोमध मोहिमेवर निघाल्यासारखी उभी होती. तिनं एका प्लास्टिकच्या पिशवीला पंप लावला, आतली हवा ओढून घेतली आणि तीन फुगीर जॅकेटं आक्रसत आक्रसत ताटाएवढी चपटी झाली.

"आलात? बरं झालं. गाडी साडेबाराला येणार आहे," वहिनी म्हणाली. "तुमच्यासाठी दुसरी सांगितलीय, तीही तेव्हाच."

ठमीचं कागदोपत्री नाव वेगळं होतं. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून आई ठमी म्हणायला लागली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी अंगावर नुसती हाडं उरली तरी ते नाव काही सुटलं नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासायची, फ्रेमच्या मापात कापायची, बसवायची. पंचवीस वर्षं हेच काम. दादाला चष्म्यावरून बर्फाचा गॉगल चढवता येत नसे, म्हणून त्याच्या नंबराच्या काचा गॉगलच्या आतच बसतील अशा तिनं आठवडाभर खपून तयार केल्या होत्या. डबीत कापूस घालून त्या ती घेऊन आली होती.

दादानं डबी उघडली, काच उजेडाकडे धरली. "वा! हाताला जादू आहे तुझ्या." आणि डबी टेबलावर ठेवून तो पुन्हा स्कीच्या बुटात पाय कोंबायला लागला. बूट नवे होते. तिथं जाऊन चावायला लागले तर पंचाईत, म्हणून अर्धा तास घरात घालून बसायचं, असं दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे.

दर हिवाळ्यात हे असंच चालायचं. सात वर्षांपूर्वी वडील गेले आणि आई दादाकडे राहायला आली. दादाचं घर मोठं, लिफ्टचं. ठमीच्या दोन खोल्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण हे लोक बर्फात गेले की आठ दिवस आई ठमीकडे. आठ दिवस मायलेकी छान राहायच्या. ठमी रजा टाकायची, आई तिच्या कपाटांना नावं ठेवायची, दोघी पत्ते खेळायच्या आणि आई धडधडीत लबाडी करायची. नवव्या दिवशी दादा यायचा, नाक उन्हानं सोललेलं, आणि आईला घेऊन जायचा. मग दाराची कडी लावून ठमी पलंगावर आडवी व्हायची. आई गेल्याचं वाईट वाटायचं आणि हायसंही वाटायचं. दोन्ही खरं होतं.

"आईचं आवरते मी," ती म्हणाली.

"आवरलंय सगळं," वहिनी घाईनं म्हणाली. "मीच भरून ठेवली बॅग. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

आत आई कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, खुर्चीत बसली होती. ऐंशी वर्षांची. हयात इस्पितळात वॉर्डची मुख्य परिचारिका म्हणून गेलेली, त्यामुळे वेळेच्या आधी तयार असणं हाडीमासी खिळलेलं.

"ठमे, वाळलीस की गं. जेवतेस ना?"

"जेवते. आई, एवढी मोठी बॅग?"

"तिनं भरलीय. मला हात लावू दिला नाही. आता मला शिकवणार बॅगा भरायला!" आई उठली. "थांब, मी जाऊन येते बाथरूमला. मग तुझे ते जिने."

ठमीनं बॅग उचलून पाहिली. उचलेना. दोन्ही हातांनी ओढली तर चाकं करकरली. चार मजले ही कोण चढवणार, असं मनाशी म्हणत तिनं ती पलंगावर आडवी घातली. निम्मं सामान काढून ठेवावं, आठ दिवसांना काय लागतं एवढं?

वर दोन स्वेटर होते. त्यांच्याखाली आईचे सुती झगे निघाले, बिनबाह्यांचे, उन्हाळ्यातले. त्याखाली सँडल. छत्री. मग इस्पितळाची फाइल, पहिल्या कागदापासूनची. औषधांच्या पट्ट्या, रबर लावलेल्या, चार महिन्यांना पुरतील एवढ्या. वडिलांचा फोटो, टॉवेलात गुंडाळलेला. भिंतीवर त्याच्या जागी चौकोनी फिकट डाग होता, तो तिला आत्ता दिसला.

तिचं एक मन म्हणत होतं, वहिनीला कळलं नसेल, घाईत भरलं असेल. पण वहिनी मोज्यांच्या जोड्यासुद्धा यादीत खूण करून भरणारी बाई.

तेवढ्यात दादाची मुलगी आत आली. सोळा वर्षांची, गळ्यात बर्फाचा गॉगल आणि हातात मोजपट्टी.

"आत्या, एक टोक धर ना. इथं माझं टेबल मावेल का बघायचंय. आल्याबरोबर सुतार येणारेय."

"तुझं टेबल? आजीच्या खोलीत?"

मुलीचा चेहरा लाल झाला. "तुला बाबांनी सांगितलं नाही? ते म्हणाले, तुझ्याशी बोललेत."

ठमीनं मोजपट्टीचं टोक खाली सोडलं आणि ती हॉलमध्ये गेली.

दादा सोफ्यावर बसला होता. दोन्ही पायांत बूट, वरचे चिमटे कडेकोट लावलेले. सत्तेचाळीस मिनिटं झाली, असं तो वहिनीला कौतुकानं सांगत होता.

"दादा, आईच्या बॅगेत उन्हाळ्याचे कपडे का आहेत?"

वहिनी यादीत डोकं घालून उभी राहिली. दादानं तिच्याकडे बघितलं, तिनं वर पाहिलं नाही.

"अगं, ते बोलायचंच होतं तुझ्याशी. आल्यावर निवांत..."

"आत्ता बोल."

"हळू बोल. आई ऐकेल." त्यानं उठायचा प्रयत्न केला. पण त्या बुटात घोटा वाकत नाही. तो अर्धा उठला, तोल गेला आणि धपकन पुन्हा सोफ्यात बसला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ठमी पोट धरून हसली असती.

"हे बघ," तो म्हणाला, "सात वर्षं आम्ही केलं. हिला दिवसभर ऑफिस, मला फिरती. पोरीचं महत्त्वाचं वर्ष, तिला खोली नको? तू काय, एकटी आहेस. तुलाही सोबत होईल. आईलाही तुझ्याकडे आवडतं, दरवर्षी येते तेव्हा किती खूश असते!"

"आठ दिवस असते खूश! मी सकाळी आठला जाते आणि सातला येते. ती चार मजले उतरून कुठं जाणार? दिवसभर भिंतीशी बोलणार?"

"होते सवय. माणसाला कशाचीही होते."

"आणि मला विचारायचं नाही? पार्सल पाठवल्यासारखं पाठवून द्यायचं?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" दादा म्हणाला.

ते ठमीला झोंबलं, कारण ते खरं होतं. दोन वर्षांपासून रविवारी दुपारी शेजारच्या दुकानातला घड्याळजी तिच्याकडे चहाला यायचा. विधुर होता, कमी बोलायचा, तिच्या खिडकीत बसून तिचीच बिघडलेली घड्याळं दुरुस्त करायचा. याबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. उभ्या जन्मात एवढीच एक गोष्ट तिची स्वतःची होती. दोन खोल्या. त्यातली एक आता आईची. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि जिभेला हाड नसतं म्हणतात तेच खरं झालं.

"नसते म्हणाले!" ती ओरडली. "मला नकोय ती कायमची. ऐकलंस? नकोय मला! आठ दिवस ठेवीन, नववा दिवस नाही. तुमचं घोंगडं माझ्या गळ्यात घालू नका!"

वहिनीच्या हातातली यादी खाली आली. ती ठमीच्या मागे बघत होती.

आई दारात उभी होती. चौकटीला धरून, कोटाची बटणं तशीच गळ्यापर्यंत. ती केव्हापासून उभी होती हे पुढे कधीच कळलं नाही, आणि विचारायची ठमीची छाती झाली नाही.

"माझी काठी कुठंय?" आई म्हणाली.

मुलीनं धावत काठी आणून दिली. आई हळूहळू हातमोज्यांच्या ढिगांतून वाट काढत सोफ्यापाशी गेली आणि दादाच्या पायांकडे बघत राहिली.

"बूट चावतात का रे राजा?"

"थोडे," दादा म्हणाला.

"पातळ मोजे घाल. जाडानं रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात." वॉर्डात सांगावं तसं तिनं सांगितलं. मग ती मुलीकडे वळली. "आणि तू ओठांना मलम लाव गं. मागच्या खेपेला किती फुटले होते!"

ठमीकडे तिनं बघितलंही नाही.

साडेबाराला दोन्ही गाड्या आल्या. लांब काळी पिशवी आत जाईना, म्हणून पुढची सीट पाडून ती तिरकी घातली. वहिनी मागे, मांडीवर हेल्मेट घेऊन. दादा आईच्या गाडीपाशी आला, खिडकीतून आत वाकला. "आल्यावर बोलू हं आई. शांतपणे." आईनं हात बाहेर काढून त्याच्या जॅकेटची चेन वर ओढली. "छाती झाक," म्हणाली. मग तो गेला. ती पूर्ण भरलेली बॅग ठमीच्या गाडीच्या डिकीत होती. त्या गडबडीत तिच्यातलं काही काढायचं राहूनच गेलं होतं.

चार मजले चढायला आईला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर ठमी म्हणायची, "आई, बस जरा," आणि आई बसायची. पण एरवीसारखी एकदाही म्हणाली नाही की काय मेली जागा शोधलीस.

"आई, मी रागात बोलले गं," तिसऱ्या मजल्यावर ठमी म्हणाली.

"हो, रागातच बोलतं माणूस," आई म्हणाली आणि काठी टेकून उठली.

नववा दिवस आला आणि गेला. दहाव्या दिवशी दादाचा फोन आला: जरा खोलीचं काम निघालंय, धूळ आहे, आईला खोकला होईल. पंधराव्या दिवशी पोरीची परीक्षा. मग फोन वहिनीच उचलायला लागली. मग बर्फातले फोटो आले, उशिरा. आई भिंग घेऊन एकेक फोटो बघायची, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली की तिलाही दाखवायची. "हा माझा मुलगा. न्यायला येणार आहे मला. कामाचा व्याप फार आहे बिचाऱ्याला."

ठमीनं भांडण उकरून काढलं नाही असं नाही. एकदा ती दादाच्या ऑफिसात जाऊन बसली. त्यानं चहा मागवला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि हात जोडून म्हणाला, "तू सांगशील ते ऐकतो, फक्त एवढा उन्हाळा जाऊ दे." हा उन्हाळा कधीच जाणार नाही हे तिला जिना उतरतानाच कळलं. आईला घेऊन त्याच्या दाराशी उभं राहायचं, तर तिथं खोलीच उरली नव्हती.

घड्याळजी पहिल्या रविवारी आला. आई त्याच्याशी फार अदबीनं बोलली, आणि तो आल्यापासून जाईपर्यंत खिडकीतल्या त्याच्या खुर्चीत बसून राहिली. त्याला दुसरी खुर्ची दिली. दुसऱ्या रविवारी तो अर्धा तास बसला. नंतर दुकानापाशी भेटला की मान हलवायचा, आई कशी आहे विचारायचा.

या सगळ्याचं ठमीला एवढं काही नव्हतं. तिनं रजा काढल्या, जेवणाची वेळ बदलली, खालच्या म्हातारीला किल्ली दिली. आईचं न्हाणं, नखं, औषधं, काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. पण आईनं पुन्हा कधी तिच्या कपाटांना नावं ठेवली नाहीत. पत्ते काढले तर ती खेळायची, आणि लबाडी करायची नाही. हरली की म्हणायची, "छान खेळलीस."

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी ठमीचा बांध फुटला. "आई, ज्यानं तुला बाहेर काढलं त्याची बाजू घेतेस, आणि मी इथं मरमर करते तर माझ्याशी परक्यासारखी वागतेस. माझं एक वाक्य धरून बसलीस. त्यानं काय केलं ते दिसत नाही तुला?"

आईनं भिंग खाली ठेवलं.

"दिसतं की," ती म्हणाली. "मी काय आंधळी आहे? पण त्यानं तोंडानं म्हटलं नाही गं. मला मनाची समजूत घालायला काहीतरी ठेवलं."

ठमी स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. बाहेर ऊन तापलं होतं. बऱ्याच वेळानं आतून आईचा आवाज आला, स्वच्छ, अदबशीर, पाहुण्याचा असतो तसा.

"ठमे, खिडकी उघडली तर चालेल का तुला?"

"आई, उघड ना. विचारतेस काय?"

"नाही, तुझी हरकत नसेल तर," आई म्हणाली, आणि ठमी हात पुसत आत येईपर्यंत तशीच बसून राहिली.