माझा खालचा आवाज

मी ऑर्गन बोलतोय. बोलतोय कसला, गर्जतोय! पोटात दोन हजार नळ्या आणि चार भाते असल्यावर हळू बोलायचं तरी कसं?

बाल्टिक समुद्राकाठच्या या चर्चमध्ये हिन्रिक मास्तरांनी मला चाळीस वर्षं वाजवलं. आमच्या या सतराव्या शतकाला साधं काही चालतच नाही बघा. सूर सरळ लावलात तर लोक विचारतात, तब्येत बरी नाही का? सुरांना गिरक्या हव्यात. आत्ता गडगडाट, तर लगेच कुजबुज हवी. आणि फ्यूग तर हवाच हवा! एक आवाज चाल घेऊन पळतो, दुसरा तीच चाल घेऊन त्याच्या मागे, मग तिसरा, आणि थांबायचं कुणीच नाही. अहाहा!

मास्तरांचे हात थरथरू लागले, तशी नव्या वादकाची परीक्षा ठरली. इथली रीतच अशी, की नोकरी ज्याला, मास्तरांची लेकही त्यालाच. लेक गेशे, तिशीतली. वर माझ्या सज्जात येऊन माझ्या खुंट्या ओढून आवाज बदलायचं काम तिचं. चर्च रिकामं असलं की मला वाजवायचीही तीच, आणि काय वाजवायची! पण बाईला नोकरी? छे!

पहिला आला क्रूझ. वाजवलं अचूक, पण उठताना गेशेला म्हणाला, "लग्नानंतर इथे वर यायचं नाही हं. स्वयंपाकघर आहे ना?" गेशेचा चेहरा पडला. मलाही धस्स झालं.

दुसरा डेटलेफ, तरणा आणि घामाघूम. परीक्षकांनी दिलेल्या चालीवर तिथल्या तिथे फ्यूग रचायचा होता. दोन आवाज झकास पळाले. तिसरा, सगळ्यांत खालचा, पायपट्ट्या दाबून पायांनी आणायचा, तिथे गडी गडबडला.

"मेलो!" तो पुटपुटला.

"हात थांबवू नका! सरका जरा!" झगा सावरून गेशे बाकावर बसली आणि तिचे पाय माझ्या पायपट्ट्यांवर धावले. देवा रे! माझ्या मोठ्या नळ्या अशा कधी घुमल्या नव्हत्या! खिडक्या थरथरल्या!

वर कोण बसलंय ते खालून दिसत नाही. खाली परीक्षकांत बसलेले नगराध्यक्ष ओरडले, "काय पाय आहेत हो! नोकरी तुमची!"

डेटलेफ कठड्यावरून वाकला. "पाय माझे नव्हते. गेशेबाईंचे होते."

सगळे खो खो हसले. "आत्तापासूनच बायकोचं कौतुक!"

तो पुन्हा तोंड उघडणार, तोच गेशेने त्याची बाही ओढली. "पुरे! तुमची नोकरी जाईल आणि माझ्या गळ्यात क्रूझ पडेल. एवढंच सांगा, मला वर येऊ द्याल?"

"येऊ द्याल काय? तुम्ही नसलात तर मी वाजवू कसा?"

त्याला आता अकरा वर्षं झाली. दर रविवारी दोघं एकाच बाकावर बसतात आणि लोक डेटलेफच्या पायांची तारीफ करत घरी जातात. मी तर माझ्या सगळ्यांत मोठ्या आवाजात खरं सांगतो, पण ऐकतो कोण! तुम्ही तरी या. खालचा आवाज घुमला की तेवढं एकदा गेशेचं नाव घ्या.