ओलांडलेला सारोन

मी एक जुना सारोन आहे, लाकडी हातोडीने वाजवायचं वाद्य. फणसाच्या लाकडाची बैठक आणि तिच्यावर काशाच्या सात जाड पट्ट्या, एवढाच माझा संसार. जावा बेटावर, सोलो शहराजवळच्या एका गावात, एका कासाराने मला साच्यात ओतलं, ठोकलं आणि कानशीने घासून घासून सुरात आणलं.

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळात गावात लग्न असो की बाहुल्यांचा खेळ, आम्हा वाद्यांशिवाय कुणाचं पान हलत नसे. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्यापुढे धूप जळायचा. मग भाड्याचे स्पीकर आले आणि आमची बोलावणी घटली. एका कोंबडीने तर माझ्यावर बिऱ्हाडच केलं होतं. तरीही आमच्या ताफ्याचे म्होरके पाक तुकिमान आणि त्यांच्या पत्नी बू वागियेम यांनी मला कधी कुणाच्या पायाखाली येऊ दिलं नाही. वाद्य ओलांडायचं नाही, हे इथे रांगत्या पोरालाही शिकवतात.

एके दिवशी पोलंडहून मार्टा नावाची मुलगी आली. पाक तुकिमानांना येणाऱ्या जुन्या चाली आता दुसरं कुणी शिकवत नाही, म्हणून ती एवढ्या लांबून आली होती. तिची सगळी तयारी होती. चपला बाहेर काढल्या, खाऊ उजव्या हाताने दिला, 'घ्या' म्हणेपर्यंत चहाला हात लावला नाही. सगळे खूश झाले. मग आपल्या जागेवर जायला तिने जवळची वाट धरली आणि लांब टांग टाकून मला ओलांडलं.

पाक तुकिमान हसले, म्हणाले, "आज इथेच थांबू या. मार्टाताई, आपण या हं परत, नक्की या."

बिचारी आली ना! कधी त्यांना सर्दी झालेली असे, कधी शेतात काम निघे. प्रत्येक वेळी तेच हसू आणि तेच 'नक्की या.' तिचे परतीचे दिवस जवळ आले, तरी हातात हातोडी पडेना. काहीतरी बिनसलंय एवढं तिने ओळखलं. केक घेऊन आली आणि पाक तुकिमानांची माफी मागितली.

"छे छे, कशाबद्दल? काहीच झालं नाही," ते म्हणाले आणि मागच्या दाराने शेताकडे निघून गेले.

मार्टा पायरीवर बसून रडू लागली. बू वागियेम शेंगा सोलत होत्या.

"काहीच झालं नाही म्हणतात हो," मार्टा म्हणाली.

"अगं पोरी, आमच्याकडे असं म्हणतात तेव्हाच काहीतरी झालेलं असतं."

"पण मी माफी मागितली ना त्यांची!"

"यांची? यांना ओलांडलं होतंस का तू?" बू वागियेम म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

मार्टाने डोळे पुसले. मग उठली, सगळ्या वाद्यांना वळसा घालून, वाकून, माझ्यासमोर येऊन बसली. दोन्ही हात जोडून हळूच म्हणाली, "चुकले. पुन्हा नाही ओलांडणार." मित्रांनो, इतक्या वर्षांत मला लोकांनी वाजवलं, पुसलं, धूप दाखवला, पण माझी माफी कुणी मागितली नव्हती. मला फार भरून आलं.

पाक तुकिमान शेतातून परतले होते. दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते आत आले, उजव्या हाताने तिला हातोडी दिली आणि शेजारी बसले.

मित्रांनो, परमुलखात पाहुणे म्हणून जाल, तेव्हा नियम पाठ करून जरूर जा. पण पाय टाकण्याआधी तिथे काय मांडलंय तेही बघा, आणि कळलं नाही तर घरातल्या बाईमाणसाला विचारा. पाहुण्याची चूक कुणी त्याच्या तोंडावर सांगत नाही.

मार्टाने पहिला सूर वाजवला, दुसरा वाजवला आणि दोन्ही एकात एक मिसळून नुसता कल्लोळ झाला.

"अगं, आधी वाजवलेली पट्टी धर की डाव्या हाताने, तिचा नाद थांबव!" पाक तुकिमान तिच्यावर खेकसले. "कान कुठे ठेवलेस?"

आतून बू वागियेम हसत म्हणाल्या, "पोरी, आता तू घरची झालीस."