सरांचा मृत्युलेख

जेवून जरा आडवी झाले होते, तेव्हा कुठे सकाळपासून न पाहिलेला फोन हातात घेतला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सेक्रेटरी किशोरने सकाळीच इंग्रजीत लांबलचक मजकूर टाकला होता आणि त्यावर मराठीत एकच ओळ: 'भावपूर्ण आदरांजली.' मजकूर सुरू होत होता तो नागोराव सरांच्या नावाने. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

सरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. छातीच्या दुखण्यातून उठून ते नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. आता बरे आहेत, असंच सगळे म्हणत होते. मी आहे त्या साडीवर बाहेर पडले आणि मलकपेठेतून सुलतान बाजारची ऑटो धरली.

सुलतान बाजारातच त्यांचं साप्ताहिक निघायचं, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मागची त्यांच्या संसाराची, अजूनही; पुढची तेव्हा पेपरची. मी तिथे लागले तेव्हा बातमी कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. सर चहात बिस्किट बुडवता बुडवता धंद्यातला एकेक इंग्रजी शब्द शिकवायचे. बायलाइन म्हणजे बातमीवर लिहिणाऱ्याचं नाव, ते मागायचं नसतं. डेटलाइन म्हणजे बातमी जिथून आली ते गाव, तिथे गेला नसाल तर लिहायचं नाही. मजकुरावर 'होल्ड' असेल तर तो तयार आहे, पण संपादक सांगेपर्यंत छापायचा नाही.

"मराठीत शब्द नाहीत का सर?" मी एकदा विचारलं होतं.

"आहेत की. पण बातम्या येतात तो टेलिप्रिंटर इंग्रजीत बोलतो, सुलभाबाई. आधी त्याचं नीट ऐका, मग आपलं लिहा."

हे ऑटोत आठवत होतं आणि डोळे पुसायला पदर पुरत नव्हता.

जिन्याशी चपलाच चपला. मी वर चढले. दार कोंडाबाईंनी, सरांच्या बायकोने, उघडलं. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

"तुम्ही बी आलाव? या. जिते हायेत हो, परेशान नका होऊ. सकाळधरनं माझी मात्र चहा करून करून कंबर गेली."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. आत माणसांच्या गराड्यात सर खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, नाकावर चष्मा, कानामागे तांबडी पेन्सिल. शेजारी किशोर मान खाली घालून चहा ढवळत होता. त्याने आणलेला हार कोंडाबाईंनी कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीला घातला होता.

"या," सर म्हणाले. "फोन बंद केलाय. प्रत्येकाला मी जिवंत आहे म्हणून किती वेळ सांगू?"

मी नुसती त्यांच्या शालीचं टोक धरून बसले.

तेवढ्यात जिना चढून माझी नात शर्वरी धापा टाकत आली. ती इंग्रजी पेपरच्या डेस्कवर नुकतीच लागलीय. मला पाहून तिचा चेहराच पडला.

"आजी, सॉरी. ते मी लिहिलंय. ॲडव्हान्स ऑबिट. मोठ्या माणसांचे मृत्युलेख आमच्याकडे आधीच लिहून ठेवतात. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. तारखा तपासायला किशोरकाकांना पाठवलं. वर स्पष्ट लिहिलं होतं, होल्ड."

"मला वाटलं, ते तुमच्या ऑफिसचं काहीतरी असेल," किशोर पुटपुटला. "म्हणून ती ओळ काढली."

"वा!" सर म्हणाले. "अख्ख्या लेखात एवढीच ओळ कामाची, आणि तीच कापलीस."

कोंडाबाई आतून हसल्या. मग किशोर हसला, मग मीही. हसता हसता परत रडू आलं, पण ते वेगळं होतं.

सरांनी मांडीवरचा कागद उचलला. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी मजकूर छापून आणवला होता आणि त्यावर तांबड्या खुणांची गर्दी होती.

"बस गं पोरी. 'लेजंडरी' काढलंय. 'पास्ड अवे' पण काढलंय. बातमीत माणूस मरतो. निघून गेला म्हणालीस तर वाचक विचारेल, कुठे? डाइड लिही, डाइड."

"माझ्याने नाही लिहवलं, सर," शर्वरी हळूच म्हणाली.

"मला त्रास नाही होत, तुला कशाला व्हावा?"

मी कागदावर वाकले. शेवटी एक वाक्य होतं: आपल्या साप्ताहिकात त्यांनी एका मुलीला हाताला धरून पत्रकारिता शिकवली. ते तांबड्या रेघेने खोडलेलं होतं. पण त्याखाली बारीक ठिपके काढून समासात त्यांनी लिहिलं होतं, 'स्टेट.' खोडलं असलं तरी हे शब्द छापा, अशी ही प्रूफातली जुनी खूण. ती आम्ही हजारदा केली होती.

"आधी का खोडलंत?" मी विचारलं.

"हाताला धरून म्हणे! तुम्ही हातात सापडत होता कधी? मग म्हटलं, राहू दे."

कागद शर्वरीकडे देण्याआधी त्यांनी पेन्सिल पुन्हा घेतली, लेखाच्या कपाळाशी मोठ्या अक्षरांत 'होल्ड' लिहिलं आणि भोवती चौकट आखली.

"किशोर, हे आधी ग्रुपवर टाक," ते म्हणाले. "आणि आता जेवायला वाढा कुणीतरी. मेल्यापासून पोटात काही नाही."